ओल्या हाताचं सिमेंट

हॉस्पिटलात मला कुसुम सिस्टर म्हणून फार थोडे लोक ओळखत. वॉचमनपासून पेशंटच्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी मी ‘सिमेंटवाल्या सिस्टर’. नव्या माणसाला वाटायचं, या बाईचा नवरा बांधकामाचा कंत्राटदार असेल. नवरा बिचारा पोस्टात होता, सिमेंट माझं स्वतःचं होतं. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनात हाड आणि धातूचा सांधा यांच्यामध्ये एक सिमेंट भरतात. ते कालवण्याचं काम मी धाराशिवातल्या एका खासगी हॉस्पिटलात रिटायर होईपर्यंत केलं. संपादकांनी फोन करून सांगितलं की दिवाळीचा अंक आहे, नोकरीतल्या गमतीजमती लिहा. मी हो म्हणाले. गमती भरपूर आहेत आणि त्या सांगतेच. पण एक गोष्ट गमतीची नाही. ती बाजूला ठेवून लिहायला बसले तर चार दिवस पेन हलेना, म्हणून तीही लिहिते आहे.

आधी हे सिमेंट काय असतं ते सांगायला हवं. एका पाकिटात पांढरी बारीक पूड येते आणि तपकिरी काचेच्या कुपीत पातळ द्रव. त्या द्रवाचा वास इतका उग्र, की पहिल्यांदा कालवलं त्या दिवशी रात्रीच्या वरणालाही मला तोच वास आला होता. पूड आणि द्रव भांड्यात एकत्र केले की घड्याळ सुरू झालं समजायचं. आधी ताकासारखं पातळ, मग गुळाच्या पाकासारखं चिकट. थोड्या वेळानं ते हाताला चिकटायचं थांबतं आणि मळलेल्या पिठासारखं होतं. हीच कामाची वेळ, जेमतेम तीन-चार मिनिटांची. त्यानंतर गोळा गरम व्हायला लागतो, चांगला चटका बसेल इतका, आणि बघता बघता दगड होतो. एकदा दगड झाला की ब्रह्मदेव आला तरी त्याला मऊ करू शकत नाही.

लोकांना वाटतं, हे डिंकासारखं हाडाला धातू चिकटवतं. तसं नाही. ते जागा भरतं. हाडाच्या बारीक छिद्रांमध्ये शिरतं, वरच्या धातूला धरून ठेवतं आणि तिथंच घट्ट होतं. माणूस जिना चढतो, एसटीतून उतरतो, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन चालतो, त्या सगळ्याचं वजन दोन-चार नखांच्या जाडीएवढ्या त्या सिमेंटवरून खाली जातं. त्यात हवेचा बुडबुडा राहिला, रक्त मिसळलं किंवा पाणी गेलं, तर तेवढी जागा कच्ची राहते. पहिल्या दिवशी कुणालाच कळत नाही. एक्स-रे छान दिसतो, पेशंट तिसऱ्या दिवशी वॉकर धरून चालतो, डॉक्टरांना पेढे मिळतात. कच्चेपणा पुढं कधीतरी, वर्ष-दोन वर्षांनी बोलतो.

आमच्या थिएटरची एक पद्धत होती. कालवायला सुरुवात केली की मी मोठ्यानं मिनिटं म्हणायची. एक झालं, दीड झालं, दोन झाली. सगळ्यांनी कान माझ्याकडं लावलेले. शेवटी उरलेल्या सिमेंटची एक गोळी टेबलावर ठेवायची. डॉक्टर पेशंटचा पाय सरळ दाबून धरून उभे राहायचे आणि मी चिमट्यानं ती गोळी वाजवून बघायची. टकटक वाजली की म्हणायचं, सोडा. तोवर कुणी हलायचं नाही.

या ऑपरेशनात पेशंटला बहुतेक वेळा फक्त कमरेखाली बधिर करतात, त्यामुळं तो जागा असतो आणि पडद्याआडून सगळं ऐकत असतो. भूमचे एक रिटायर कंडक्टर होते. हातोडीचे आवाज चालू असताना त्यांनी दोनदा विचारलं, काय मोडताय का जोडताय. माझी मिनिटं सुरू झाल्यावर गप्प झाले. मी गोळी वाजवून म्हटलं, सोडा. तर पडद्यापलीकडून त्यांनी ऐटीत डबल बेल दिली, टिंग टिंग, तोंडानं. आमचे सर हसायला लागले. मी म्हटलं, हसा पण पाय हलवू नका. आमचे सर म्हणजे हॉस्पिटलचे डॉक्टर, हाडांचे. हात सोन्याचा आणि जीभ तिखट. ते कंडक्टर मला अजून स्टँडवर भेटतात, चालतात ताठ, आणि मला बघितलं की हात वर करून दोरी ओढल्यासारखं करतात.

दुसरे लक्षात राहिलेले परंड्याचे एक म्हातारे गवंडी. ऑपरेशनच्या आधल्या दिवशी मी वॉर्डात गेले तर त्यांनी मला शेजारी बसवून चौकशीच सुरू केली. सिमेंट कुठल्या गोणीतलं, त्यात वाळू किती घालता, नंतर पाणी किती दिवस मारायचं. मी सांगितलं, बाबा, यात वाळू नाही आणि वरून पाणी मारायची भानगड नाही. त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, “कालवताना पानी कोन बघतं? पानी जादा झालं की सिमेंट मरतंय, बाई. वरनं गुळगुळीत दिसतंय, आतनं सुटतंय.” मी म्हटलं, पाणी नसतंच हो त्यात. थिएटरात येऊन ही गोष्ट मी सगळ्यांना रंगवून सांगितली आणि आठवडाभर आम्ही एकमेकांना वाळू किती, वाळू किती म्हणून हसत होतो. खरं म्हणजे त्या काळात मी रोज पाणी घालत होते. फक्त मला ते पाणी घालणं वाटत नव्हतं.

ते कसं, ते सांगते.

आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत असेल. हॉस्पिटलची इमारत जुनी. थिएटरचा एसी आवाज मोठा करायचा आणि गारवा थोडा. सामानाची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, आणि सिमेंटची पाकिटं तिथंच ठेवलेली. उष्णतेनं हे सिमेंट लवकर घट्ट होतं. थंडीत जे आठ मिनिटं हातात राहायचं ते मेमध्ये पाचव्या मिनिटाला कोरडं पडायला लागायचं. खरं तर पाकिटं आदल्या दिवशीच गार खोलीत आणून ठेवायला हवी होती. इतकी साधी गोष्ट, पण ती कुणाच्या डोक्यात आली नाही.

अशाच एका मेमध्ये सरांना हाडाची खालची बाजू तयार करायला उशीर झाला. माझ्या हातातला गोळा कडेनं चिरायला लागला. आता मी लहानपणापासून ज्वारीच्या भाकऱ्या थापलेली बाई. पीठ चिरायला लागलं की आमचा हात आपोआप पाण्याच्या वाटीत जातो. हाताला ओल घ्यायची, पीठ दुमडायचं, तळव्यानं दाबायचं, परत दुमडायचं. पीठ गुपचूप वळणावर येतं. माझ्या समोर सलाईनचं भांडं होतं. विचार असा काही केलाच नाही. हातमोजा बुडवला, गोळा दुमडला, दाबला, परत दुमडला. गोळा तुकतुकीत झाला. सरांनी तो घेतला आणि म्हणाले, “वा सिस्टर, लोणी केलंत अगदी.”

सरांकडून कौतुक म्हणजे दुर्मिळ गोष्ट. मला फार बरं वाटलं. तेव्हापासून तो माझा हातखंडाच झाला. मेमध्ये सुरू झालेलं पुढं पावसाळ्यातही चालू राहिलं, कारण गोळा छान दिसायचा. दुसऱ्या हॉस्पिटलातल्या सिस्टर बघायला यायच्या, त्यांना मी दाखवायची की ओला हात कसा फिरवायचा. पाकिटात बारीक इंग्रजी अक्षरांचा घडी घातलेला कागद यायचा. तो वेष्टणाबरोबर कचऱ्यात जायचा. आमच्यापैकी कुणी तो पुरता वाचलेला मला आठवत नाही, मी तर नाहीच.

याच काळात पारूबाई आल्या. नाव मी बदललं आहे. माकणीच्या, साठी ओलांडलेल्या, धनगराच्या घरच्या. उभा जन्म शेरडा-मेंढरांच्या मागं चालून दोन्ही गुडघे झिजलेले, त्यातला डावा फारच. मुलगा दत्ता तालुक्याच्या ठिकाणी सरकारी ऑफिसात कारकून, आठवड्याला घरी येणारा. त्यानंच हट्टानं आईला आणलं. डावा गुडघा बदलला. सिमेंट मी कालवलं, ओल्या हातानं, नेहमीसारखं.

घरी सोडताना सरांनी पारूबाईंना बजावलं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, माळावर शेरडांमागं जायचं नाही. बाईंनी ते देवाच्या शपथेसारखं पाळलं. दत्तानं लोखंडी खुर्ची आणून दिली. ती अंगणात टाकून बाई दिवसभर त्यावर बसायच्या आणि शेरडं नवरा चारायला न्यायचा. तपासणीला आल्या की सांगायच्या, गावातल्या बाया मला कलेक्टरीणबाई म्हणत्यात, खालीच बसत न्हाय म्हनून. बसल्या जागेवरून त्या शेरडांना एकेकीच्या नावानं हाक मारायच्या आणि ती म्हणे खुर्चीजवळ येऊन उभी राहायची. हे सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा.

दोन वर्षांनी त्या परत आल्या, दत्ताच्या खांद्याचा आधार घेऊन. खुर्चीवरून उठताना पहिलं पाऊल टाकलं की कळ मस्तकात जायची. एक्स-रेत धातूच्या पाटीखाली काळी रेघ दिसत होती. सांधा सैल झाला होता. पुन्हा ऑपरेशन करायचं ठरलं. आदल्या दिवशी सर राऊंडला आले तेव्हा मी बरोबर होते. सरांनी विचारलं, माळावर गेला होता की नाही, खरं सांगा. पारूबाई म्हणाल्या, न्हाय साहेब, एक दिस न्हाय गेले. दत्ता शेजारी उभा होता. तो म्हणाला, ऐकती कुठं साहेब, मी तिकडं ऑफिसात, हिला कोण बघतंय. मलाही त्या वेळी वाटलं, गेली असेल बाई. जन्माची सवय कुठं सुटते.

दुसऱ्या दिवशी गुडघा उघडला. सरांनी खालच्या पाटीखाली पटाशी घातली आणि जरा उचकटली, तर पाटी डब्याच्या झाकणासारखी वर आली. चांगलं बसलेलं सिमेंट काढताना घाम फुटतो, तासभर ठोकावं लागतं. इथं काहीच करावं लागलं नाही. हाडावर उरलेलं सिमेंट सर फोडून देत होते आणि मी ट्रेमध्ये ठेवत होते. एक तुकडा हातात आला आणि बोटांमध्येच त्याचे दोन पदर झाले. दोन्ही पदर आतून गुळगुळीत. भाकरीचा पापुद्रा कसा सुटतो, दोन्ही अंगांनी स्वच्छ, अगदी तसा. मी दुसरा तुकडा घेतला, त्याचेही पदर सुटले. माझा हात कुठं दुमडला होता, कुठं ओल लावून दाबलं होतं, ते सगळं त्यात होतं.

सरांचं लक्ष हाडाकडं होतं. त्यांनी विचारलं, काय झालं सिस्टर. मी म्हटलं, काही नाही. तुकडे ट्रेमधून बादलीत गेले. नव्या सांध्याचं सिमेंट मी कालवलं, त्या मेनंतर पहिल्यांदाच कोरड्या हातानं.

इथपर्यंतची चूक अडाणीपणाची होती, असं मी स्वतःला सांगू शकते. पुढची नाही.

घरी सोडायच्या दिवशी सर कार्ड लिहीत होते. कार्ड इंग्रजीत असतं, पण नातेवाइकांना कळावं म्हणून त्यांनी खाली लाल पेनानं मराठीत एक ओळ लिहिली: ‘रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत, त्यामुळे सांधा सैल झाला.’ दत्तानं ती आईला वाचून दाखवली. पारूबाईंनी एकदा सरांकडं बघितलं, एकदा पोराकडं, आणि मग माझ्याकडं. म्हणाल्या, “सिस्टर, तुमी तरी सांगा की साहेबाला. म्या गेले न्हाय. म्या खुर्चीवरच हुते.”

मला तेव्हा दोन शब्द बोलायचे होते. नोकरी जाईल, ही भीती होतीच. त्याहून जास्त भीती अशी की सिमेंटवाल्या सिस्टरचं नाव जाईल. मी पुढं झाले, त्यांच्या अंगावरची शाल सारखी केली आणि म्हणाले, “आता विश्रांती घ्या, मावशी.”

दत्तानं त्यांना रिक्षात बसवलं. दुसऱ्यांदा बदललेला गुडघा तसाही पहिल्यासारखा वाकत नाही, आणि त्यांचा तर निम्माच वाकायला लागला. पंधरा दिवसांनी टाके बघायला आल्या तेव्हा दत्ता सरांना सांगत होता, शेरडं विकून टाकली सगळी, आता जाईल कुठं बघतो. पारूबाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मी ड्रेसिंगचं सामान आणण्याच्या निमित्तानं आत गेले आणि दुसरी सिस्टर पाठवली.

मी काय केलं ते ऐका. घरी लेकीची डिक्शनरी घेऊन तो पाकिटातला कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग सरांना म्हणाले, पाकिटं आदल्या दिवसापासून एसीत ठेवत जाऊ. हातमोजे कोरडे ठेवू. गोळा जरा जरी चिरला तर फेकून देऊ आणि नवं पाकीट फोडू. हवा ओढून घेणारं कालवायचं भांडं मिळतं ते आणू. सरांनी सगळं मान्य केलं. म्हणाले, सिस्टर, तुमच्यासारखं बारकाईनं काम करणारं माणूस या जिल्ह्यात नाही. पुढं एका कार्यक्रमात माझा नारळ आणि शाल देऊन सत्कारही झाला. तो फोटो घरातल्या भिंतीवर होता, आता कपाटात आहे. म्हणजे चूक मी दुरुस्त केली, फक्त ती कुणाची होती हे सांगितलं नाही. पारूबाईंच्या नावावर ती तशीच राहिली.

बाकीच्यांचं काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्या मनात तो रोज येतो. ओल्या हाताची ती दोन-अडीच वर्षं, आणि किती गुडघे, ते मी मोजलेले नाहीत. बहुतेक चालतायत. सिमेंट सगळ्यांचंच सुटतं असं नाही, वजन, हाड, नशीब, पुष्कळ गोष्टी असतात. पण स्टँडवर कुणी म्हातारी लंगडत उतरताना दिसली की मी आधी गुडघ्याकडं बघते आणि मग चेहऱ्याकडं.

गेल्या वर्षी माझाच उजवा गुडघा बोलायला लागला. सरांनी एक्स-रे बघितला आणि बदलायला हवा म्हणाले. मग गमतीनं विचारलं, आता तुमचं सिमेंट कोण कालवणार. मी हसले नाही. दार लावून घेतलं आणि त्यांना सगळं सांगितलं. ओला हात, सुटलेले पदर, लाल ओळ. सर टेबलावरचा पेन फिरवत बसले. म्हणाले, एकाच कारणानं सांधा सुटत नसतो, आणि तो गोळा मीही हातात घेतला होता, ओल मला कळायला हवी होती. मग म्हणाले, तेव्हा सांगितलं असतं तर ती ओळ मी लिहिली नसती. ही शेवटची गोष्ट त्यांनी अगदी हळू सांगितली. मी म्हटलं, मी माकणीला जाणार आहे. आता जाऊन काय होणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण अडवलं नाही.

माकणीला जायला मी मुद्दाम कामाचा वार धरला. दत्ता ऑफिसात असेल, बाईंना एकटीला सांगता येईल, पायावर डोकं ठेवू आणि चारच्या गाडीनं परत येऊ, असा माझा हिशेब. भ्याडपणा माणसाच्या अंगातून सहज जात नाही. लोहाऱ्याला गाडी बदलली आणि दुपारी जेवणवेळ टळल्यावर पोचले.

पारूबाई अंगणात त्याच लोखंडी खुर्चीवर होत्या. डावा पाय समोरच्या स्टुलावर लांब ठेवलेला. शेरडांच्या छपराखाली आता मोटारसायकल लावायची जागा केली होती. नवरा मागच्या वर्षी गेला, हे सुनेनं पाणी आणून देताना सांगितलं आणि ती आत गेली. पारूबाईंनी मला ओळखलं. सिमेंटच्या बाई, म्हणाल्या.

मी खाली जमिनीवर बसले, माझा गुडघा दुखत असूनही. आणि सांगितलं. साध्या शब्दांत, भाकरीच्या पिठासारखंच सांगितलं, कारण ते त्यांना लगेच कळणार होतं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर विचारलं,

“म्हंजी म्या मोडला न्हाय?”

“नाही, मावशी.”

“म्या खुर्चीवर बसले हुते.”

“बसला होतात. तुम्ही सगळं ऐकलं होतं.”

मला वाटलं त्या रडतील, शिव्या देतील. मी शिव्यांच्या तयारीनंच गेले होते. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाल्या, “गुडघ्याचं ऱ्हाऊ द्या. त्यो गेला तो गेला. पर कुनी पावनं आलं की ह्यो दत्ता सांगतो, आमची म्हातारी कुनाचं ऐकत न्हाय, ऐकलं असतं तर चालली असती. दर पावन्याला सांगतो. सुनंच्या म्होरं, नातवंडांच्या म्होरं. म्हातारा मरूस्तवर मला तेच म्हनत हुता.”

मी हात जोडले. चूक झाली म्हटलं. आणि घड्याळाकडं बघून म्हटलं, चारची गाडी आहे, निघते. तेव्हा पारूबाई वाकल्या, जितकं वाकता येत होतं तितकं, आणि माझी पिशवी उचलून आपल्या खुर्चीखाली ठेवली.

“दत्ता आता रोजच घरी येतो, पाचला,” त्या म्हणाल्या. “बसा.”

मी बसले. तो दीड तास माझ्या सगळ्या नोकरीतला सगळ्यात लांब होता. सुनेनं चहा दिला. चार वाजता रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला आणि गाडी निघून गेली. पारूबाईंनी नुसतं तिकडं बघितलं.

दत्ता आला, मोटारसायकल छपराखाली लावली, मला बघून चकित झाला. नमस्कार मॅडम, म्हणाला, आईची चौकशी करायला आलात का. पारूबाई म्हणाल्या, बस हितं, त्या काय म्हनत्यात ते ऐक. मग तेच सगळं मी दुसऱ्यांदा सांगितलं. बाईंना सांगताना निदान रडू आवरत नव्हतं. दत्तासमोर शब्द एकेक करून काढावे लागले.

त्यानं एवढंच विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“ऑपरेशनच्या दिवशीच.”

“आणि कार्ड लिहिलं तेव्हा तुम्ही तिथंच होता.”

“होते.”

तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आईकडं वळला. म्हणाला, “तुझी शेरडं इकली म्या.”

पारूबाईंनी घराकडं हात केला. म्हणाल्या, “फाइल आन.”

दत्तानं आतून प्लास्टिकची पिशवी आणली. एक्स-रे, पावत्या आणि ते कार्ड, घड्यांवर मऊ पडलेलं. लाल ओळ अजून तशीच ठसठशीत होती. दत्ता म्हणाला, खोडून टाका मॅडम. पारूबाई म्हणाल्या, “खोडायचं न्हाय. खोडलं तर कुनाला काय कळंल. खाली लिवा.”

माझ्या पिशवीत पेन होतं आणि पिशवी त्यांच्या खुर्चीखाली. ती त्यांनीच काढून दिली. मी कार्ड मांडीवर घेतलं. थिएटरच्या रजिस्टरमध्ये हजारदा सही केली असेल, पण त्या दिवशी अक्षर शाळेतल्या पोरीसारखं वाकडंतिकडं येत होतं. लिहून सही केली आणि कार्ड दत्ताकडं द्यायला हात पुढं केला. पारूबाईंनी तो मध्येच अडवला.

“वाचा. मोठ्यानं.”

मी वाचलं. “वरची ओळ चुकीची आहे. पारूबाईंनी सांगितलेलं सगळं पाळलं. सिमेंट माझ्या हातून बिघडलं, आणि ते मला माहीत असून मी गप्प राहिले. कुसुम सिस्टर.”

दत्ता खाली मान घालून उभा होता. मला वाटलं, संपलं. मी पेनाला टोपण लावलं.

पारूबाईंनी घराच्या दाराकडं बघितलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

“सून आत हाय,” त्या म्हणाल्या. “तिला ऐकू आलं नसंल. बाहीर बोलवते, परत वाचा.”

त्यांनी सुनेला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभी राहिली, आणि मी पहिल्यापासून परत वाचलं.